तेरडा लावा, पण डोंगरावरून उपटून नको

पावसाळ्यात चिखलदऱ्याला फिरायला गेलो की परतीच्या गाडीत तेरड्याची दोन-चार रोपं हमखास असतात. उपटणारी पोरं नसतात हो, आपणच मोठी माणसं! अकोल्याला पोचेपर्यंत ती माना टाकतात. खोड पाणीदार, मुळं उथळ. फुलावर आलेलं रोप असं ओढून काढलं तर जगणार कसं? वर तेरडा एका हंगामाचा, म्हणजे उतारावरचं पुढच्या वर्षीचं बीही गेलं. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून तर काहीच आणायचं नसतं.

बागेतला तेरडा त्याच जातीचा आहे. शेजारच्या अंगणातून बी मागा, जूनमध्ये शाळेत पेरा. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून मुळं सडतात, म्हणून वाळू आणि शेणखत मिसळून वाफा उंच करा.

सप्टेंबरात बोंडं फुगली की पोरांना बोट लावू द्या. फटकन फुटतं, साल गुंडाळते, बी उडतं. एखादं पोर दचकून ओरडतं, मग सगळ्यांनाच हात लावायचा असतो. बीजप्रसार फळ्यावर शिकवून हे होत नाही. फक्त थोडं बी आधीच पुडीत बांधून वर्गाच्या कपाटात ठेवा, पुढच्या जूनसाठी.