मुकुट मालकाचा, लगाम गुलामाच्या हाती

मी म्हैसूरजवळ हिनकलला राहतो. दसऱ्याला इथल्या राजवाड्यात वज्रमुष्टीची लढत होते. लढणारे पिढ्यान्‌पिढ्या जेट्टी घराण्यांतलेच. जन्म पाहून आखाडा खुला करणं आपल्याला नवं नाही, ग्रीकांनाही नव्हतं.

प्राचीन ऑलिम्पियात स्पर्धक म्हणून फक्त स्वतंत्र ग्रीक पुरुष उतरत. रथशर्यतीत मात्र लगाम पुष्कळदा गुलामाच्या हाती असे आणि ऑलिव्हचा मुकुट रथाच्या मालकाला मिळे. इ.स.पूर्व ३९६ मध्ये स्पार्टाची राजकन्या किनिस्का अशीच विजेती ठरली, स्वतः रथ न हाकता.

आता तसं नाही म्हणतात. मग १९११ चा भारतीय संघाचा इंग्लंड दौरा घ्या. धारवाडला जन्मलेल्या, चांभार समाजातल्या पाळवणकर बाळूंनी शंभरावर बळी घेतले. कर्णधार कोण? पतियाळाचे महाराज! याच बाळूंना पुण्यात हिंदू क्लबात चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे.

जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर २०२१ चं टोकियो आहे. वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली. ऑलिम्पिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. उपांत्य सामना संघ हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके वाजले, जातिवाचक शिव्या दिल्या गेल्या. संघात दलित जास्त झाल्या म्हणून हरलो, असं ते म्हणत होते, अशी कुटुंबाची तक्रार होती.

मैदानावर कोण, हे आपण टीव्हीवर बघतोच. क्रीडा महासंघांच्या खुर्च्यांवर आणि निवड समित्यांत कोण बसलंय, याची जातवार मोजणी सरकारने करून जाहीर करावी.