विझणारे जेट
नागपूरच्या धंतोलीतल्या कोणा हौशीचे रेडिओ-नियंत्रित जेट ऐन उड्डाणात विझले, तर तो प्रथम यंत्राला कसूरवार ठरवील. वास्तविक इंधननळीत शिरलेला हवेचा बुडबुडाच पुष्कळदा गुन्हेगार असतो, म्हणून टाकी, गाळणी आणि नळीचे जोड यांची झडती आधी घ्यावी. शिवाय नागपूरच्या वैशाखात, पारा ४५ अंशांवर असता, हवा १५ अंशांच्या मानाने सुमारे दशांशाने विरळ होते आणि जोर घटतो, हा दोष कोणत्याही पेचकसाने दुरुस्त होत नाही. गुरुत्वमध्य व रेडिओचा पल्ला, अर्थात, नित्य तपासावा. सोनेगावचा विमानतळ निकट असल्याने धंतोलीच्या आकाशात परवानगीवाचून विमान सोडणे २०२१ च्या ड्रोन नियमांन्वये निषिद्ध आहे. तेव्हा हौशींनी जुळणी खुशाल घरी करावी, उड्डाण मात्र शहराबाहेर, नकाशा पाहून.