संगणकाला 'क' कळतो का?

दोस्तांनो, ही दोन वाक्यं जरा मोठ्याने वाचा बरं. 'आचाऱ्यांनी भाजीत मीठ कमी घातलं.' 'आचार्यांनी भाजीत मीठ कमी घातलं.' दुसऱ्या वाक्यात साक्षात गुरुजी स्वयंपाकघरात शिरले की! फरक केवढा, तर एका 'र'चा. आपल्याला तो डोळ्यांनी दिसतो. संगणकाला कसा कळत असेल?

खरं सांगू? संगणकाला अक्षर कळतच नाही, कळतात ते आकडे. म्हणून प्रत्येक अक्षराला हजेरीपटावर असतो तसा एक नंबर द्यावा लागतो. इंग्रजीतल्या कॅपिटल 'ए'चा नंबर 65. अमेरिकेत 1963 साली ठरलेल्या त्या यादीत जागा होत्या 128. त्यात 'क' नाही, 'ळ' तर नाहीच नाही.

पुढे 1990 च्या सुमारास छापखान्यांत खिळे जाऊन संगणक आले, तेव्हा मराठी छापायचं कसं? हुशार मंडळींनी युक्ती काढली. नंबर इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, पडद्यावर चित्र मात्र मराठी अक्षराच्या तुकड्याचं काढायचं. कुठे काना, कुठे अर्धा 'श', कुठे वेलांटी. या युक्तीला मी नावं ठेवणार नाही. तिच्या जोरावर ढिगांनी लग्नपत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंक निघाले. पण गोम अशी, की संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच! शिवाय प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या सोयीच्या नंबरांवर बसवले. एकाची फाईल दुसऱ्याकडे उघडली की नुसती खिचडी.

गंमत बघा. 'शिल्पा' लिहिताना वेलांटी 'श'च्या आधी दिसते, म्हणून त्या फाईलीत वेलांटीचा नंबरही आधी असे. आता अशा संगणकाला वर्गाची यादी वर्णानुक्रमे लावायला सांगा. शिल्पा, विनय, किरण, सगळे एका रांगेत! का? तर सगळ्यांची सुरुवात वेलांटीने.

खरा रस्ताही तेव्हा होताच. पुण्याच्या सी-डॅकने संगणकात बसवायचं 'जिस्ट' कार्ड आणलं होतं. 1991 साली भारतीय लिप्यांसाठी सरकारी मानक ठरलं आणि त्याच वर्षी जगातल्या लिप्यांना नंबर देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात 'क' म्हणजे 2325, मग तुम्ही नागपुरात असा नाहीतर न्यू जर्सीत. विंडोज 2000 बरोबर 'मंगल' नावाचा देवनागरी फॉन्ट आला. तो आपल्या मुंबईच्या र. कृ. जोशींनी घडवलेला. तरी एक अक्षर राहूनच गेलं होतं. 'ॲपल'मधल्या 'ॲ'ला स्वतःचा नंबर मिळायला 2008 साल उजाडलं!

मी गेली पस्तीस वर्षं प्रोग्रॅम लिहितोय. वेगाचं कौतुक मला आता फारसं वाटत नाही. वेग दर वर्षी वाढतोच. पण जगभरच्या माणसांनी एका टेबलाशी बसून 'क'चा नंबर ठरवावा, ही मला त्याहून मोठी करामत वाटते. आणि तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

आमच्या जुईनगरात एक आजोबा आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले. 1992 साली मानखुर्दहून वाशीला गाडी सुरू झाली, त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी 1998 मध्ये टाइप करून घेतल्या होत्या. कागद पावसात गेले. उरली एक सीडी. ती उघडली तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं. फॉन्टचं नाव कुणालाच आठवेना. मग त्यांची सातवीतली नात आणि मी गुप्त लिपी फोडावी तसे बसलो. सगळ्यांत जास्त वेळा येणारं चिन्ह कोणतं? तो बहुधा काना. मजकुरात 'जुईनगर' आणि 'वाशी' असणारच, ते शोधा. चार संध्याकाळी गेल्या, पण तक्ता तयार झाला. तीन चिन्हं अजून सापडलेली नाहीत, त्यामुळे एका स्टेशनमास्तरांचं आडनाव आम्हाला अर्धंच वाचता येतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या मोबाईलवर कुठे असली भानगड? आहे ना! मित्राला मराठी निरोप रोमन लिपीत पाठवता की नाही? बी, ए, एल. हा बल, बळ, बाल की बाळ? आज मित्राला कळेल. वीस वर्षांनी तुम्हालाच तो निरोप शोधायचा झाला तर? आईबाबांनो, हा प्रश्न तुम्हालाही आहे.

एक प्रयोग करा. 'स्त्री' टाइप करा आणि मागे खोडायची कळ एकेकदा दाबा. बहुतेक ठिकाणी आधी वेलांटी जाईल, मग 'र'. दिसायला एक अक्षर, पण आत नंबर सहा: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. 'जुईनगर'चेही सहाच. तुमच्या नावाचे किती, ते मोजून कळवा.

आणि हो, घरात जुन्या सीड्या असतील तर या रविवारी उघडून बघा. खिचडी दिसली तर पुसून टाकू नका. आधी फाईलची एक प्रत काढा. फॉन्टचं नाव दिसत असेल तर तेही लिहून ठेवा. फॉन्ट कळला तर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात. आणि छापलेलं एखादं पान हाती असेल तर ते सीडीच्याच पाकिटात ठेवा. तक्ता बनवायला तेवढं एक पान पुरतं.