‘यांच्या रक्तातच असतं’ म्हणणाऱ्यांना

चौदा एप्रिलला गावी गेलो होतो. आर्णी तालुक्यात माझं गाव. गोदीतून चार दिवस सुट्टी म्हणजे चार दिवसांचा रोज बुडाला. मिरवणुकीत या खेपेला डीजे नव्हता, बँजो पार्टी होती. बँजोवाले काका पन्नाशी ओलांडलेले. डावा हात टाइपरायटरसारख्या कळांवर, उजव्या हातात तारा छेडायची नखी. हातगाडीवरच्या कर्ण्यातून सूर असे सुटत होते की नाचणारी पोरं नाचायची थांबली आणि काकांच्या बोटांकडे बघत राहिली.

माझ्या शेजारी एक मास्तर उभे होते. माणूस वाईट नाही. कौतुकानंच म्हणाले, “काय स्पीड आहे! यांच्या रक्तातच असतं हे.”

मी गप्प बसलो. मॅट्रिक झालेला हमाल मास्तरांशी काय वाद घालणार! पण ते वाक्य धामणगावला गाडीत माझ्यासोबत चढलं आणि मुंबई येईस्तोवर उतरलं नाही. म्हणून हे लिहितोय. मास्तरांसाठी लिहितोय आणि त्यांच्यापेक्षा जास्त आपल्या पोरांसाठी.

रक्तात आहे म्हणजे काय? म्हणजे काकांनी काही केलं नाही. शिकले नाहीत, घासले नाहीत, चुकले नाहीत. झाडाला बोरं लागतात तसे त्यांना सूर लागले. दोस्तांनो, हे कौतुक आपण लय ऐकलंय. हलगी रक्तात, कातडं रक्तात, झाडू रक्तात. रक्तात होतं म्हणूनच आपल्या आज्यांना दुसऱ्याच्या दारात वाजवायला उभं केलं आणि नाही म्हणाले तेव्हा गावानं बहिष्कार टाकला. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्यालाही कोणी म्हणत नाही की हा शिकला. अख्खी वर्णव्यवस्था या एका शब्दावर उभी आहे. आपल्याला शिवी दिली की आपण भांडतो. तीच शिवी गोड करून दिली की हात जोडतो.

बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं. एवढी पुस्तकं वाचलेला, एवढ्या पदव्या मिळवलेला माणूस हातात गज धरून पहिल्या धड्याला बसला. रक्ताची वाट पाहिली नाही. शिकायला बसला. मला त्यांचे फोटो पुष्कळ दिसतात, पण डोळ्यांपुढं जास्त वेळा ही गोष्ट येते.

आता माझं सांगतो. मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. तीन वर्षं झाली. जुनी, दुसऱ्याची वापरलेली घेतली, हप्त्यानं. आपलेच काही दोस्त म्हणाले, “हे काय बड्या बापाच्या पोरांचं खूळ? डफ घे, हलगी घे, आपलं वाजव.” डफ मला प्यारा आहे. पण ‘आपलं’ कोणतं हे ठरवणार कोण? मिरवणुकीतला बँजो तरी कुठला? १९१२ साली जपानच्या नागोया शहरात ताईशोगोतो नावाचं वाद्य निघालं. तेच फिरत फिरत इकडं आलं, बुलबुल तरंग झालं. त्याला वीज लागली आणि आपल्या गल्लीत त्याचा बँजो झाला. इलेक्ट्रिक गिटार तर अमेरिकेत १९३० च्या आसपास निघाली. लोखंडी तार, तिच्याखाली लोहचुंबक, त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की वेढ्यांत वीज जागी होते आणि कर्णा बोलतो. यात जात कुठं बसवणार? वर सोय अशी की ही गिटार विजेला जोडली नाही तर आवाज जवळजवळ करतच नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपलेली असतात तेव्हाही मी वाजवू शकतो. डफ नाही वाजवू शकत.

पहिले सहा महिने मी वाया घालवले. मला वेग पाहिजे होता. मोबाईलवर बघायचो, पोरं मशीनगन चालवावी तसे सूर सोडायची. मीही तसाच सुटायचो. निम्मे सूर गिळले जायचे, उरलेले खरखरायचे, आणि मी समजायचो की मी फास्ट झालो. बोटं मात्र हिशेब ठेवत होती. हाताला बरोबर आणि चूक कळत नाही. जे हजार वेळा केलं ते त्याला पाठ होतं. मी चुकाच पाठ करत होतो.

मग मेट्रोनोम घेतला, मोबाईलवर फुकट मिळतो. मिनिटाला ६० ठोके. एका ठोक्यात चार सूर, म्हणजे सेकंदाला चार. नखी एकदा खाली, एकदा वर, परत खाली, परत वर, मध्ये मोडायचं नाही. डाव्या हाताची चार बोटं चार पडद्यांवर, एकामागून एक. बोट पडद्याच्या अगदी लगत ठेवायचं, तिथं कमी जोर लागतो. ऐकायला सोपं. मला ६० वर जमेना. ४५ वर आलो. लाज वाटली. पण ४५ वर एकही सूर चुकला नाही, तेव्हा कळलं की आपली खरी जागा ही आहे. इथून वर जायचं.

आठवड्याला दोन ठोके वाढवले तर ६० वरून १२० वर जायला तीस आठवडे लागतात. १२० म्हणजे सेकंदाला आठ सूर. मला सव्वा वर्ष लागलं. दोन पाळ्या लागोपाठ केल्या की बोटं दगड होतात आणि मागच्या आठवड्यातले चार ठोके खाली यावं लागतं. खाली आलो. परत चढलो. थकवा आला तर मी वाजवतो, पण मनगटात कळ आली की गिटार खाली ठेवतो. कळ दाबून वाजवणाऱ्याचा हात वेग यायच्या आधीच जातो.

मला कोणी उस्ताद नाही, पण एक गोष्ट मायकडून शिकलो. माय आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत आली. किलोवर मजुरी. लहानपणी मी तिच्या ओळीला लागलो की माझी ओटी अर्धीही भरायची नाही. माय म्हणायची, “हात बोंडापासून दूर नेऊ नको गा. जवळच्या जवळ फिरव. दूर नेला का दिवस जाते अन् ओटी रिकामी रायते.” तिचे दोन्ही हात चालायचे, एक बोंडावर तर दुसरा ओटीकडं. बोंडाच्या वाळल्या टोकांनी माझी बोटं सोलायची, तिची नाही.

गिटारच्या वेगाचं सगळं तंत्र तेच आहे. माझी बोटं तारेवरून उठायची आणि दोन इंच वर जायची. परत यायला वेळ लागणारच. आता जवळच्या जवळ फिरवतो. नखीचं टोकही तारेच्या अगदी थोडं खाली जातं. जोर कमी, हालचाल कमी, मग वेग आपोआप. मायला जगात कोणी तंत्र जाणणारी म्हणालं नाही. वेचणाऱ्या बाया, एवढंच. तिच्याही रक्तातच असेल नाही का, मास्तर?

मागच्या पावसाळ्यात कंटेनरला लॅशिंगच्या सळ्या लावताना डाव्या हाताची करंगळी सापडली. मुकादमाला घाई होती. जहाज वेळेत सुटलं. करंगळी पूर्ण वाकत नाही आता. मला वाटलं, संपलं. तेव्हा दोन माणसांची गोष्ट कामाला आली.

टोनी आयोमी. इंग्लंडच्या बर्मिंगहॅमचा, पत्र्याच्या कारखान्यातला कामगार. १९६५ साली, सतरा वर्षांचा असताना, कामाच्या शेवटच्या दिवशी मशीनखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळं तारा दाबायचा हात तोच. कारखान्यातल्या वरच्या माणसानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगो रोमा होता, युरोपभर हाकलले गेलेल्या भटक्या जमातीचा. १९२८ साली राहत्या गाडीला आग लागली आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडली. उरलेल्या दोन बोटांनी त्यानं अशी गिटार वाजवली की धडधाकट बोटांचे लोक अजून तिच्यामागं धावताहेत. ते ऐकून आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, बोटांना झेपाव्यात म्हणून गिटारला बँजोच्या हलक्या तारा लावल्या, पुढं तारा सैल करून खालच्या सुरात लावल्या. त्यातून ब्लॅक सॅबथचा तो जड, काळा आवाज घडला. जँगोबद्दलही लोक म्हणायचेच, जिप्सींच्या रक्तात संगीत. आणि रक्त तेच असताना जळलेल्या हातानं नव्यानं शिकावं लागलं, त्याचं काय?

मीही तारा हलक्या केल्या. करंगळीचं काम तिसऱ्या बोटाला शिकवतोय. परत ५० ठोक्यांवर आलोय.

आणखी एक बाई आहे. तिचं नाव आपल्या यवतमाळच्या पोरींनी लक्षात ठेवावं. सिस्टर रोझेटा थार्प. काळी बाई, जन्म १९१५, अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या एका गावी. गावाचं नावच कॉटन प्लांट, म्हणजे कपाशी! देवाची गाणी म्हणत म्हणत तिनं इलेक्ट्रिक गिटार अशी वाजवली की पुढं जे रॉक अँड रोल म्हणून गाजलं त्याचं मूळ तिच्यात सापडतं. १९६४ साली मँचेस्टरमधल्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनावर तिचा कार्यक्रम झाला. ती एका फलाटावर, ऐकणारे समोरच्या फलाटावर, मध्ये रूळ, वरून पाऊस. अंगात कोट, गळ्यात गिटार.

मँचेस्टर म्हटलं की मला आपली शकुंतला आठवते. यवतमाळ ते मूर्तिजापूर ती छोटी रेल्वे इंग्रजांच्या काळात टाकली ती आपला कापूस न्यायला. कापूस मुंबईच्या गोदीत जायचा, तिथून जहाजानं मँचेस्टरला. आपल्या आज्या-पणज्यांनी वेचलेला माल ज्या गावच्या गिरण्यांत गेला, तिथं कपाशीच्या गावची एक काळी बाई गिटार घेऊन उभी राहिली. आणि मी त्याच यवतमाळहून गोदीत आलो. मला ती परकी वाटत नाही.

नुसत्या वेगाच्या भक्तांनाही एक सांगतो. बी. बी. किंगनंही मिसिसिपीत कापूस वेचला, ट्रॅक्टर चालवला. तो वेगासाठी प्रसिद्ध नाही. एक सूर लावायचा, बोटानं हलवायचा, आणि थांबायचा. वेग हे हत्यार आहे, घरात असावं, रोज काढू नये. गोदीतही वेग आहे, पण तो मुकादमाचा. तो म्हणतो तेव्हा वाढतो, आणि माझी करंगळी जाते. मेट्रोनोमचा काटा मात्र माझ्या हातात असतो. मी म्हणतो तेव्हा वाढतो, मी म्हणतो तेव्हा उतरतो. माझ्या आयुष्यात असा वेग दुसरा नाही.

तर मुद्दा वेळेचा आहे. मोठ्या घरच्या पोराला शाळा सुटल्यावर रोज दोन तास मिळतात, खोली मिळते, शिक्षक मिळतो. दहा वर्षांनी तो स्टेजवर चढतो आणि लोक म्हणतात मेहनत. आपला पोरगा त्याच दोन तासांत वावरात असतो, हॉटेलात कपबशी धूत असतो. तरी कसाबसा शिकला तर लोक म्हणतात रक्त. आपले लुबाडलेले तास कोणी मोजत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गावोगावी आपली समाजमंदिरं आहेत, विहारं आहेत. संध्याकाळी कुलूप असतं. जयंतीला एका रात्रीच्या डीजेला जो पैसा जातो त्यात एक वापरलेली गिटार आणि एक लहान अँप येतो. ठेवा तिथं. एक वही ठेवा, पाळी लावा, एकेकाला अर्धा तास. पोरींची नावं वहीत आधी. बँजोवाल्या काकांना शिकवायला बोलवा, आणि फुकटात बोलवू नका, मानधन द्या. शिकवणारा कसबी आहे हे पैशानं कबूल करायला शिका. नुसती भाषणं करून पोरांच्या बोटांना वेग येणार नाही.

त्या रात्री मिरवणूक संपल्यावर काकांजवळ बसलो. मास्तरांचं वाक्य सांगितलं. वाटलं चिडतील. ते हसले. बँजोच्या तारांवरची धूळ फडक्यानं पुसत म्हणाले, “म्हणू दे ना बावा. रगतात असतं त मले अठरा वर्सं कायले घासा लागली असती? पहिले दोन वर्सं त मी तारा काढूनच कळा दाबो. आवाज झाला का घरचे मारत.”

मग त्यांनी बँजो माझ्या मांडीवर ठेवला. मी माझा गिटारचा वेग दाखवायला गेलो आणि तिसऱ्याच कळेला अडकलो.

“हळू,” काका म्हणाले. “आधी हळू.”