पाढा आधी हातात, मग ओठांवर

बे एके बे, बे दुणे चार... दिवेलागणीला घराघरांतून उठणारा हा सूर अनेकांच्या कानांत अजून असेल. पाठांतर वाईट नाही. पण घडाघडा पाढा म्हणणाऱ्या मुलाला मध्येच 'पाच सत्ते किती?' असे विचारून पाहा. ते पुन्हा 'पाच एके पाच'पासून सुरुवात करते. त्याला चाल पाठ असते, पाचाची उडी ठाऊक नसते. एखादी ओळ विसरली, की धपाटा बसतो आणि गणिताची भीतीही तिथेच बसते.

शिरूर-दौंडकडच्या ज्वारीच्या शिवारात ही उडी हातांनी मोजतात. कडब्याच्या ५ पेंढ्यांचा एक पाचुंदा, २० पाचुंद्यांचा शेकडा. शाळेची पायरी न चढलेली आजीही पाच, दहा, पंधरा, वीस असे मोजत आली. नातवाला तिच्याशेजारी उभे करावे आणि मोजलेले आकडे पाटीवर लिहू द्यावेत. शेवटी ५, मग ०, पुन्हा ५, पुन्हा ० येते, हे त्याचे त्यालाच दिसेल.

शहरातल्या घरी कडबा नसतो. पण चपलांचे जोड असतात, दसऱ्याचे तोरण असते. दोन झेंडू, एक पान. दोन झेंडू, एक पान. 'आता पुढे काय?' एवढेच विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.

तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यावे, म्हणून २०२१ साली केंद्राने 'निपुण भारत' अभियान सुरू केले. ते काम एकट्या शाळेचे नव्हे. विसरलेली ओळ आधीच्या ओळीत पाच मिळवून शोधता आली, की त्या मुलाला पाढ्याचे भय उरत नाही.