फेरतपासणीची तारीख हंगामात बुडू देऊ नका



लागणीची तारीख गट ऑफिसात नोंदवायला आपण विसरत नाही. नोंद नाही तर तोड नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. पण घरातल्या बाईची दवाखान्याची तारीख चुकली, तर विचारणारं कुणी नसतं. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पुरे झालेल्या आया-बहिणींविषयी आज आम्हांला बोलायचं आहे.

ऑपरेशन, केमो, किरणांचे उपचार होईपर्यंत सगळं घर तिच्यामागे उभं राहतं. बाई बरी होऊन चुलीपाशी नि शेतात लागली की विषय संपतो. "आते बरं शे, कसाले जानं?" असं तीच म्हणते, आणि ते आपल्याला सोयीचं वाटतं. वास्तविक, बरं वाटत असतानाच ही तपासणी करायची असते.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबून फोटो काढतात. थोडं दुखतं, पण लगेच थांबतं. एकदा आजार झालेल्या बाईला त्याच स्तनात तो पुन्हा होऊ शकतो, किंवा दुसऱ्या स्तनात नव्यानं होऊ शकतो. हाताला लागण्याआधीची बारीक गाठ फोटोत सापडली, तर उपचार सोपा जातो. स्तन राखून ऑपरेशन झालं असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो काढतात. एक स्तन पूर्ण काढला असेल तर राहिलेल्या बाजूचा. किरणांचे उपचार संपल्यावर पहिला फोटो साधारण सहा महिन्यांनी किंवा त्यानंतर, आणि मग दरवर्षी, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. जुने फोटो सोबत न्यावेत. ऑपरेशनचा व्रण कोणता आणि नवा बदल कोणता, हे ताडून पाहिल्यावरच कळतं.

ब्रिटनमध्ये 114 रुग्णालयांतल्या 5,235 स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, दरवर्षीऐवजी दोन-तीन वर्षांनी फोटो काढला तरी चालतं असं दिसलं. पण त्या पन्नाशीच्या पुढच्या होत्या आणि ऑपरेशनला तीन वर्षं होऊन गेली होती. आपल्याकडे हा आजार पुष्कळ बायकांना पन्नाशीच्या आतच गाठतो. म्हणून अंतर वाढवायचं की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावं. ऊसतोडीनं ठरवू नये.

मात्र मॅमोग्राफीत हाडं, फुप्फुस, यकृत दिसत नाही. हाडाचं न थांबणारं दुखणं, दम लागणं, व्रणावर वा काखेत गाठ असं काही झालं तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावं. उलट, तक्रार काहीच नसताना दरवर्षी सगळ्या अंगाचा स्कॅन करण्याची गरज नसते. त्यात पैसा घालवू नये.

हे खेड्यात जमेल का, असं कुणी विचारील. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला 1987 साली ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून नोंद घेतात आणि लक्षणं दिसणाऱ्यांना दवाखान्याची वाट दाखवतात. जे बार्शीला जमलं ते तापीकाठी का जमू नये?

आमचं म्हणणं असं की यासाठी ऊसबिलातून नवी कपात नको. कारखान्यानं गट ऑफिसातून तारखांचं एक साधं कार्ड द्यावं. ते कुणीही न्यावं, नाव विचारू नये. बाईनं ते आपल्या फाइलीत ठेवावं. ऐन हंगामात तारीख येत असेल तर डॉक्टरांना विचारून थोडी अलीकडे घ्यावी; पुढे ढकलू नये. दोंडाईच्याहून मुंबईला जायचं तर रुग्णालयाचा दाखला घ्यावा. त्यावर रेल्वेत स्लीपरला आणि थ्री-टायर एसीला रुग्णाचं भाडं पूर्ण माफ होतं, सोबतच्या एकाचं पाऊण माफ.

शेवटी एक. पुष्कळ घरांत सातबारा आणि शेअर पुरुषाच्या नावावर, म्हणून हा अंकही त्याच्याच हाती पडतो. तेव्हा सभासदांनो, आज घरी गेल्यावर तिची फाइल काढा आणि पुढची तारीख कोणती, ते तिला विचारा. त्या दिवशी सोबत कोण जाणार, तेही आजच ठरवून टाका.