अंगणातली शाळा

आपल्याकडे वर्षाचे सहा ऋतू मानतात. त्यांतला शरद ऋतू म्हणजे आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने. या दिवसांत पाऊस थांबलेला असतो. आकाश स्वच्छ निळे होते. दुपारचे ऊन चटके देते आणि पहाटे गवतावर दव पडते. कवींनी शरदाच्या चांदण्याचे पुष्कळ कौतुक केले आहे. पण वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला आणि शेतमजुराला चांदण्याकडे पाहायला सवड कोठून मिळणार? त्यांचा हा कामाचा हंगाम असतो. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन कापून, मळून घरात येते. तेवढ्यात कपाशीची बोंडे फुटू लागतात आणि वेचणी सुरू होते.

या हंगामात आई आणि तिच्या लहान मुली एकमेकींच्या सोबतीने खूप वेळ असतात. कधी शेतात, कधी अंगणात, तर कधी चुलीजवळ. या सोबतीत मुली पुष्कळ काही शिकतात. पण याच हंगामात, याच कामांपायी, कित्येक मुलींची शाळा बुडते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून आईजवळचे शिकणे कोठे संपते आणि मुलीचे राबणे कोठे सुरू होते, याचा विचार आपण केला पाहिजे.

आधी शिकण्याची बाजू पाहू. समजा, सेलू किंवा समुद्रपूर तालुक्यातले एखादे गाव आहे. सुट्टीचा दिवस आहे. एक आई आपल्या दोन मुलींना घेऊन घरच्या शेतात आली आहे. थोरली दहा वर्षांची, धाकटी सहा वर्षांची. थोरली आल्याबरोबर बोंडाला हात घालते. आई तिला थांबवते, ‘‘दव वाळू दे वं माय, मग हात लाव.’’ वऱ्हाडी बोलीत आई मुलीलाही लाडाने ‘माय’ म्हणते. मुलगी विचारते, ‘‘काहून?’’ आई सांगते की, ओला कापूस साठवला तर तो पिवळा पडतो आणि पिवळ्या कापसाला भाव मिळत नाही. मग ऊन वर येईपर्यंत तिघी बांधावर बसतात. धाकटी एका बोंडातले कापसाचे पुंजके मोजते. एका बोंडात चार निघतात, दुसऱ्यात पाच. पुंजका सोडवून पाहिला, तर आत सरकी सापडते.

दव वाळल्यावर वेचणी सुरू होते. पूर्ण फुटलेले बोंडच वेचायचे, अर्धे मिटलेले पुढच्या वेच्यासाठी ठेवायचे. कापसाला चिकटलेला पानांचा चुरा काढून टाकायचा. वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना टोचतात, म्हणून हात कसा घालायचा हेही आईच दाखवते. संध्याकाळी कापसाचे वजन होते. आई विचारते, ‘‘तीन किलो कापसातून रुई किती निघंल?’’ मुली गप्प. आई सांगते, ‘‘किलोभर. बाकी सरकी.’’ हा हिशेब तिला कोणत्या पुस्तकाने शिकवलेला नाही. वर्षानुवर्षे पाहून, ऐकून तो तिला पाठ झालेला आहे.

हे झाले शेतातले. घरातली कामे याहून वेगळी असतात. पावसाळ्यात दमट झालेल्या गोधड्या आणि रजया या दिवसांत उन्हात पडतात. डाळी निवडून ठेवायच्या असतात. सुपात खडा कोणता आणि दाणा कोणता, हे ओळखण्यात लहान मुलींचे डोळे मोठ्यांपेक्षा तरबेज असतात. घर हिंदूचे असो की मुसलमानाचे, मूल ‘आई’ म्हणो की ‘अम्मी’, आश्विनातले ऊन दोन्ही अंगणांत सारखेच कामाला येते.

विदर्भात याच दिवसांत भुलाबाईचा सण असतो. भाद्रपदातल्या पौर्णिमेला मुली भुलाबाई बसवतात आणि कोजागिरी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी घरोघरी जमून तिची गाणी म्हणतात. गाणी संपली की खाऊ वाटायचा. पण तो आधी ओळखावा लागतो. आई डबा बंद करून आणते आणि तो हलवून दाखवते. मुली आवाज ऐकून, वास घेऊन अंदाज करतात. एकीचा अंदाज चुकला की दुसरी सांगते. खेळ साधा आहे. पण ऐकणे, आठवणे, तर्क करणे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे या सगळ्या गोष्टी मुली त्यात शिकतात.

शब्दही मुलांना असेच मिळतात. हंगाम, मजूर, हिशेब, वजन, तराजू, बाजार हे शब्द मराठी आई शेतात रोज बोलते. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उर्दू माध्यमाचे विद्यार्थी आहात. हे शब्द तुमच्या अम्मीच्या तोंडीही आहेत, थोड्या वेगळ्या उच्चाराने. दोन भाषांच्या या ओळखीची सुरुवात वर्गात झालेली नाही. ती बाजारात आणि शेताच्या बांधावर झाली आहे.

कामातून मिळणाऱ्या अशा ज्ञानाला शाळेत मान मिळावा, हा विचार वर्ध्याला नवा नाही. महात्मा गांधींनी २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षण परिषद भरवली होती. तेही शरदाचेच दिवस होते. मुलांना सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण मिळावे, ते मातृभाषेतून मिळावे आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधारे मिळावे, असे त्या परिषदेने ठरवले. या कल्पनेची योजना तयार करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसैन होते. पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झालेले आणि उर्दूत ‘अब्बू खाँ की बकरी’ ही मुलांची गोष्ट लिहिणारे तेच हे झाकिर हुसैन. ही योजना ‘नयी तालीम’ किंवा ‘वर्धा योजना’ म्हणून देशभर प्रसिद्ध झाली. १९३८ मध्ये तिच्यासाठी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्राम हे त्याचे केंद्र बनले. टकळीवर सूत कातता कातता मुले तारांची मोजणी आणि गणित शिकू लागली. आजही सेवाग्रामला ‘आनंद निकेतन’ ही शाळा नयी तालीमच्या वाटेने चालते.

कोणी म्हणेल, ‘‘मग मुली आईबरोबर कापूस वेचतात, तेही शिक्षणच झाले. शाळा हवी कशाला?’’ हा प्रश्न वरवर बरोबर वाटतो. पण त्याचे उत्तर झाकिर हुसैन समितीने तेव्हाच देऊन ठेवले आहे. शिक्षणापेक्षा कमाईला अधिक महत्त्व दिले जाण्याचा धोका या योजनेत आहे, असा इशारा समितीच्या अहवालातच होता. प्रत्येक काम शिक्षण देतेच असे नाही, हा डॉ. झाकिर हुसैन यांचा आग्रह होता. ज्या कामाआधी मनात विचार असतो आणि काम झाल्यावर ते कसे झाले याची पारख असते, तेच काम माणसाला शिकवते. ‘काहून?’ असे विचारायला मुलीला सवड मिळाली, म्हणून वर सांगितलेला तो दिवस शिक्षणाचा ठरला. तीच मुलगी सलग वीस दिवस, शाळा सोडून, किलोच्या हिशेबाने कापूस वेचू लागली, तर पहिल्या दोन दिवसांनंतर तिला नवे काय शिकायला मिळणार? राहतात ती फक्त दुखणारी कंबर आणि ओरखडलेली बोटे.

आईच्या ज्ञानाचा आदर करताना, तिला काय मिळाले नाही तेही विसरून चालणार नाही. वर्ध्याजवळ पवनारला राहिलेले आचार्य विनोबा भावे यांची आई रुक्मिणीबाई हिची हकीकत प्रसिद्ध आहे. तिला गीता समजून घ्यायची फार ओढ होती. पण संस्कृत येत नव्हते. तेव्हा गीता सोप्या मराठीत तूच लिही, असे तिने मुलाला सांगितले. रुक्मिणीबाई १९१८ मध्ये वारल्या. त्यानंतर बारा वर्षांनी, ऑक्टोबर १९३० मध्ये, विनोबांनी वर्ध्याला ‘गीताई’ लिहायला घेतली. आई ती वाचायला उरली नव्हती. किती आयांची अशी इच्छा मनातच राहून गेली असेल! रोज तराजू पाहणाऱ्या आईला पावतीवरचा आकडा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, तेव्हा तिच्या हुशारीत काही उणे नसते. उणी असते ती शाळा, जी तिला लहानपणी मिळाली नाही.

आपली मुलगी अशी राहू नये, असे कोणत्या आईला वाटत नाही? तरीही वेचणीच्या दिवसांत वर्गातली काही बाके रिकामी दिसतात. थोरली मुलगी शेतात गेलेली असते किंवा घरी धाकट्या भावंडाला सांभाळत असते. ‘‘दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे,’’ असे म्हणून सुरुवात होते. पण कापूस एका दिवसात वेचून होत नाही. ऑक्टोबरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत एकामागून एक वेचे होत राहतात. दोन-चार दिवसांचे दोन-चार आठवडे होतात. मग परत आलेल्या मुलीला फळ्यावरचे कळत नाही, आणि कळत नाही म्हणून शाळा नकोशी वाटते. शाळा सोडणे एका दिवसात घडत नाही. ते असे थोडे थोडे घडते.

याचा दोष आईच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. ओटीत जितका कापूस अधिक, तितके पैसे अधिक. घरात दिवाळीचा खर्च असतो, दुकानदाराची उधारी असते. आई शेतात गेली तर तान्ह्या बाळाजवळ कोणी बसायचे, हा प्रश्नही खराच असतो. त्याला उत्तर न शोधता आईला उपदेश करून काय उपयोग?

कायदा मात्र याबाबत स्पष्ट आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत आणि सक्तीचे शिक्षण देणारा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात बदल झाला. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही. घरच्या कामात ती मदत करू शकतात, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, आणि शिक्षणाला धक्का न लागता. शिवाय कपाशीवर विषारी औषधांची फवारणी होते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. नुकत्याच फवारलेल्या शेतात लहान मुलांनी पाऊलही टाकू नये. ते घरचे शेत असले तरी हा नियम सुटत नाही.

माझ्या मते प्रत्येक घराने स्वतःला तीन साधे प्रश्न विचारावेत. उद्या शाळेची घंटा वाजेल तेव्हा ही मुलगी वर्गात असेल का? काम करताना तिला ‘का’ असे विचारता येते का, आणि उत्तर मिळते का? आणि जे काम तिला सांगितले, ते तिच्या भावालाही सांगितले आहे का? तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील, तर ते काम मुलीला घडवते. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर ते काम तिच्याकडून काहीतरी हिरावून घेते. तिसरा प्रश्न पुष्कळ घरांत कोणी विचारतच नाही. बाळाला झुलवणे, डाळ निवडणे, पाणी भरणे ही कामे भावालाही येतात. वडिलांनाही येतात. ती वाटून घेतली, तर थोरलीची शाळा बुडणार नाही.

शाळेनेही थोडे पुढे यावे. एखाद्या दिवशी आईलाच वर्गात बोलवावे. चांगला कापूस कसा ओळखावा, बियाणे कसे राखावे, हे तिने मुलांना सांगावे. आपल्या आईपुढे सारा वर्ग शांत बसून ऐकतो आहे, हे मुलगी पाहील, तेव्हा तिला शाळा आणि घर एकमेकांपासून दूर वाटणार नाहीत. आणि संध्याकाळी मुलीने आईजवळ बसून आपल्या पुस्तकातला एखादा धडा मोठ्याने वाचावा. तो मराठी असो की उर्दू. आईने दिवसा हिशेब शिकवला, तर मुलीने रात्री अक्षर शिकवावे. ही देवाणघेवाण फुकट होते आणि दोघींनाही श्रीमंत करते.

कापूस वेचताना जाणती आई अर्धे मिटलेले बोंड तोडत नाही. ते पूर्ण फुलेपर्यंत ती वाट पाहते. लहान मुलींच्या बाबतीतही घराने, गावाने आणि शाळेने एवढाच धीर धरावा.